यंदाचा चषक कुणाच्या नावाचा

भाताची झोडणी उरकली की आमच्या मढला पंधरा-वीस दिवस एक वेगळाच वास सुटतो. पेंढ्याचा, गिरणीतल्या ताज्या तुसाचा, आणि पाणी आटून तडकायला लागलेल्या खाचरांतल्या मातीचा. चांगल्या वासानं माणसाला भूक लागते. मला घसा खाकरून बोलावंसं वाटतं. हसू नका. हा आमच्या फुटबॉलच्या चषकाचा हंगाम, आणि त्या चषकाचा माइक वीसेक वर्षं माझ्याच हातात होता.

माझी भाताची गिरण आहे. दिवसभर तिच्या धडधडीवर ओरडून बोलायचं, त्यामुळे आवाज असा झाला की घरात चहा मागितला तर शेजारी आधण ठेवायचे. गावानं हे बरोबर हेरलं. लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो, माइक माझ्याकडे. आणि सगळ्यात जास्त दहावे. आमच्या जुन्नर-आंबेगावाकडे दहावा म्हणजे नुसता पिंडदानाचा विधी नव्हे. सकाळी पाण्याच्या काठाला चार गावं जमतात, पुढारी श्रद्धांजलीची भाषणं ठोकतात, आणि शेवटी घरची माणसं गेलेल्याच्या नावानं काहीतरी जाहीर करतात. कुणी देवळाला घंटा, कुणी शाळेला पंखे, कुणी एसटीच्या थांब्यावर बाकडं. आमच्या थांब्यावर बसायचं म्हटलं तर आधी कुणाच्या आजोबांवर बसतोय ते वाचून घ्यावं लागतं.

चषकही असाच एका दहाव्यातून आला. धोंडीबाबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांची गावालगत दोन खाचरं. अख्ख्या गावात जरा सपाट जागा तेवढीच. जरा म्हणतो, कारण वरचं खाचर खालच्यापेक्षा हातभर उंच, आणि दोहोंच्या मध्ये बांध. भात निघालं की खेळायला जागा व्हावी म्हणून पोरं तो बांध गुपचूप फोडायची आणि धोंडीबाबा दांडकं घेऊन त्यांच्या मागं लागायचे. मग पावसाळ्याआधी एकेकाच्या नावानं शिव्या देत बांध पुन्हा घालायचे. असं बरीच वर्षं चाललं. बाबा गेले तेव्हा दहाव्याला त्यांचा मुलगा रामभाऊ उठला. त्याला बोलायची सवय नव्हती. माइक दोन्ही हातांत धरून म्हणाला, “बाबा ह्या पोरांच्या मागं जल्मभर पळालं. घरात बसून असतं तर कवाच गेलं असतं. म्हनून बाबाच्या नावानं आमी फुटबॉलचा कप ठिवतो. बांध बी आमीच फोडून दिऊ.”

दहाव्याला लोक हसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. कप नारायणगावाहून आला. फुटबॉलवाला पुतळा दुकानात नव्हता, म्हणून कपावर बॅट उगारलेला क्रिकेटवाला होता. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. रामभाऊनं बांधावर पहिली कुदळ घातली, आणि तेव्हापासून तशीच रीत पडली. ज्या घरचा चषक, त्या घरच्या माणसानं येऊन पहिली कुदळ मारायची, मग पोरं बाकीचा बांध सपाट करणार. नाणेफेक जिंकणारा वरचं खाचर मागून घेणार. रेषा माझ्या गिरणीतल्या तुसाच्या. वारं आलं की रेषा उडायच्या, मग चेंडू आत होता की बाहेर यावर भांडणं. ती भांडणं मी माइकवरून मिटवायचो, म्हणजे माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा म्हणून मिटायची.

पुढं दरसाल कुणी ना कुणी पुढं येत गेलं. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या भागाबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या मुलानं, वायरमन मिलिंदनं, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चषक जाहीर केला. त्याआधी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की आमच्या बौद्धांत कैलासवासी म्हणत नाहीत, कालकथित म्हणतात. मी तो शब्द हातावर लिहून घेतला आणि बरोबर म्हटला. भागाबाई दरवर्षी छत्री लावून मैदानाच्या कडेला बसायच्या आणि जो संघ हरत असेल त्याच्या बाजूच्या व्हायच्या. कुणी त्यांना समजावून सांगायला गेलं की म्हणायच्या, जिंकनाऱ्यांला माझं काय काम. म्हणून त्यांच्या साली मिलिंदनं हरणाऱ्या संघांना आधी जेवायला बसवलं. जिंकलेले ताटकळत उभे. शेजारच्या डिंगोरे गावच्या संघातला एक पोरगा मला म्हणाला होता की भाऊ, ह्या साली हरलेलंच बरं, भजी गरम मिळतात.

बोलण्याची पद्धतही तशीच झाली होती. कुणी अमुक साली जिंकलो असं म्हणत नसे. ‘आम्ही धोंडीबाबा जिंकला’, ‘भागाबाईला आमची पेनल्टी हुकली’, ‘देवराम सरपंचाला आमच्या गोलीचा हात मोडला’. ज्या माणसांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, ती अशी पोरांच्या तोंडी राहिली. आता विचार केला की वाटतं, आपल्याला गेल्यावर याहून जास्त काय हवं असतं? वर्षातून एकदा भर दुपारी, घामाघूम झालेल्या माणसांनी आपलं नाव घेऊन भांडावं. मला तर एवढं पुष्कळ झालं.

ज्या एका हंगामाची मला सारखी आठवण येते तो बिस्वाससाहेबांचा. खोडदला त्या मोठाल्या दुर्बिणी आहेत, शेतात उभ्या केलेल्या पांढऱ्या जाळीच्या परड्या. तिथं हे नोकरीला होते, बंगालचे. खोडदच्या पोरांना फुटबॉल त्यांनी शिकवला आणि दरवर्षी पिकअपमध्ये घालून संघ इकडे आणायचे. पहिल्यांदा आमचं मैदान पाहिलं तेव्हा कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग मला विचारलं की यातलं फुटबॉलचं कुठलं आणि भाताचं कुठलं.

माझी बायको सुमन खोडदची. लग्न होऊन मढला आली तरी चषकाच्या दिवशी ती उघडउघड खोडदची व्हायची. मी माइकवर मढचा संघ म्हणून छाती फुगवायचो आणि ही बायकांत बसून खोडदच्या पोरांना नावानं ओरडायची. कुणी टोमणा मारला की सांगायची, जेवायला मढचं, ओरडायला खोडदचं. बिस्वाससाहेबांना ती भाऊ मानायची. ते बंगालचे असले तरी खोडदहून येतात, म्हणजे माहेरचेच, असा तिचा सरळ हिशेब.

साहेबांची निवृत्ती जवळ आली, त्या साली चषक त्यांनी ठेवला. आमच्याकडे जिवंत माणसानं स्वतःच्या नावानं चषक ठेवल्याची ती पहिलीच वेळ. त्या सकाळी मी धरणाच्या काठावर दोन दहावे करून आलो होतो. आंघोळ करून, टोपी बदलून थेट मैदानावर. ऊन छान पडलं होतं, समोर डोंगराचे कडे पिवळे दिसत होते, लोक दाटीनं बसले होते. मी माइक घेतला आणि नेहमीच्या ठसक्यात सुरू केलं. यंदाच्या चषकाचे सौजन्य, आपल्या सर्वांचे लाडके, मनमिळाऊ, कैलासवासी बिस्वाससाहेब.

आणि सवय कशी असते पाहा. माझ्या तोंडून तो शब्द गेला, आणि मैदानातली सगळी माणसं टोप्या काढून उठून उभी राहिली. दोन मिनिटं शांतता पाळायला. एकाच्याही लक्षात आलं नाही. खुद्द बिस्वाससाहेब हाफ पँटमध्ये, गळ्यात शिट्टी, मान खाली घालून उभे. मिनिटभरानं त्यांनी शेजारच्या रामभाऊला हळूच विचारलं, कौन गया? रामभाऊ म्हणाला, तुमीच.

मग जे हसू फुटलं ते आवरेचना. हसली नाही ती एकटी सुमन. ती बायकांतून उठून तरातरा माझ्याकडे आली, आणि मी माइक बंद करायच्या आत म्हणाली, “तुमच्या जिभंला काही हाड हाये का न्हाई? माझ्या माहेरच्या मान्साला जितेपनी मारलंत.” हे चारही बाजूंच्या कर्ण्यांतून गेलं. मग ती घरी गेली, आणि कुंकू, निरांजन, साखर घालून ताट घेऊन आली. एखाद्याचं मरण चुकून बोललं गेलं तर त्याचं आयुष्य वाढतं असं आमच्याकडे मानतात. तिनं साहेबांना फोडलेल्या बांधावर उभं केलं, पूर्वेला तोंड करून ओवाळलं, तोंडात साखर घातली. दोन्ही संघ गोल करून बघत उभे. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सुमनच्या पायाला हात लावला, ती एवढी लाजली की ताट तिथंच ठेवून पळाली.

सामना कोण जिंकलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी खोडदचा सगळा संघ आमच्या ओटीवर जेवायला होता. सुमननं मासवडी केली होती. नावावरून साहेबांना वाटलं मासा आहे, मोठ्या आशेनं पहिला घास घेतला आणि ती बेसनाची निघाली, तरी चार खाल्ल्या. पंगत उठल्यावर सुमन माझ्या कॉलरीत अडकलेलं तूस एकेक वेचून काढत मला पुन्हा बोलत होती. काय काय बोलत होती ते सगळं विसरलो. मानेला लागणारी तिची बोटं मात्र आत्ताही लागल्यासारखी वाटतात.

नंतरचे चषक मोठे झाले आणि मला कमी आठवतात. खतवाले आले, ट्रॅक्टरवाले आले, निवडणूक तोंडावर असलेले आले. फ्लेक्सवर चेंडू लिंबाएवढा आणि सौजन्य करणाऱ्याचा चेहरा दुर्बिणीएवढा. पोरांना बूट मिळाले, जर्सी मिळाल्या, हे चांगलंच झालं, मी काही नाकं मुरडणारा माणूस नाही. पण ‘आम्ही ट्रॅक्टर जिंकला’ असं काही कुणी म्हटलं नाही. मग महामारीत खंड पडला, तो पडलाच. धोंडीबाबांचा बांध सलग पाच-सहा वर्षं कुणी फोडला नाही.

गेल्या वर्षीच्या श्रावणात सुमन गेली. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त.

तिच्या दहाव्याला माइकवर ओतूरचा एक तरुण होता. चांगला बोलतो. भाषणं झाली, आणि शेवटी त्यानं रीतीप्रमाणे विचारलं की कुटुंबाच्या वतीनं काही जाहीर करायचं आहे का. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिलिंद माझ्या बाजूलाच बसला होता, त्यानं गुडघ्याला हात लावला. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की घाबरू नका, नाव घ्या आणि मनात असेल ते बोला. मला उठताच आलं नाही. मनात होतं. चषकच होता मनात. पण त्यासाठी तिच्या नावाआधी तो शब्द लावावा लागणार होता, आणि तो माझ्या घशातून येईना. शेकडो माणसांना लावला असेल, धडधाकट बिस्वाससाहेबांनाही सहज लावून मोकळा झालो होतो. तो तरुण थोडा थांबला आणि आभार मानून त्यानं कार्यक्रम संपवला. आमच्याकडे दहाव्याला जे जाहीर झालं नाही ते राहूनच जातं. मी माइक सोडला तोही तेव्हाच.

यंदा भात निघालं आणि मिलिंदची मुलगी मनीषा गिरणीत आली. भागाबाईंची नात, शाळेत खेळाची शिक्षिका आहे. म्हणाली, काका, चषक पुन्हा सुरू करतोय, मुलींचेही दोन संघ आहेत, माइकवर तुम्हीच पाहिजे. मी विचारलं, यंदाचा चषक कुणाच्या नावाचा? ती जरा घुटमळली. माळशेजच्या रस्त्याला बंगल्यांचे प्लॉट पाडणारा एक जण तयार आहे म्हणाली, फ्लेक्सही त्याचाच. मग गिरणीच्या आवाजावर ओरडायचं सोडून ती जवळ आली आणि खालच्या पट्टीत म्हणाली, “काका, मी त्याला आठ दिवस थांबवलंय. तुमच्यासाठी. नंतर मला नाही म्हणता येणार.”

मी म्हटलं, प्लॉटवाल्याचा ठेव. तिनं मान हलवली आणि गेली. मग मी गिरणीत उगाच पट्टा तपासत बसलो. राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. पोरीचा नव्हता. प्लॉटवाल्यानं तर माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. सात दिवस असेच काढले. रोज ठरवायचं की सांगू, आणि रोज गिरण बंद करून सरळ घर गाठायचं. म्हटलं तर एक शब्द. पण तो बोलला की झालं, मग ती कायमची गेलेल्यांच्या नावांत जाऊन बसली. बोलला नाही तोवर कुठंतरी खोडदला गेली असेल, आठ दिवसांनी येईल, असं स्वतःला फसवता तरी येत होतं. आणि मी फसवत होतो, लाज कशाला वाटून घेऊ.

सातव्या दिवशी बिस्वाससाहेबांचा फोन आला. ते आता त्यांच्या गावी असतात, ऐंशीच्या घरात आहेत, टुणटुणीत आहेत. सुमनच्या ओवाळण्यानं लागलेलं आयुष्य असणार. मनीषानंच त्यांना कळवलं असावं. हवापाण्याचं बोलून झालं आणि ते म्हणाले, “भाऊ, मेरे लिए तो एक मिनट में बोल दिया था. सुमनदीदी के लिए भी बोल दो. लोग खड़े होंगे, फिर खेलेंगे.”

ते काय सांगत होते ते नंतर कळलं. आधी कानाला एवढंच लागलं की कुणीतरी तिचं नाव घेतलं. दहावा झाल्यापासून वर्ष-सव्वा वर्षात माझ्यासमोर कुणी सुमन म्हटलं नव्हतं. ‘वहिनी गेल्यापासून’ म्हणायचे, ‘घरात झालं तेव्हापासून’ म्हणायचे, मुलगी पुण्याहून फोन करायची तीही आईचा विषय निघाला की जेवलात का विचारायची. मला दुखू नये म्हणून सगळ्या गावानं मिळून तिचं नाव उचलून ठेवलं होतं. मी दुसऱ्या दिवशी उजाडताच मनीषाच्या दारात गेलो.

चषकाच्या सकाळी बांधावर कुदळ मारायला मी उभा राहिलो. पहिली नीट बसली नाही, ढेकूळ उडून धोतरावर आलं. दुसरी बसली. पोरापोरींनी उरलेला बांध घटकाभरात सपाट केला. मी माइक घेतला, घसा खाकरला, आणि सरळ म्हणून टाकलं. यंदाचा चषक, कैलासवासी सौभाग्यवती सुमन यांच्या स्मरणार्थ. आवाज फाटला, पण शब्द पूर्ण झाला. ‘कैलासवासी सौभाग्यवती’ किती बायकांना म्हटलं असेल मी, त्यातला सौभाग्यवती म्हणजे मागं राहिलेला नवरा हे तेव्हाच डोक्यात शिरलं. लोक उठून उभे राहिले. टोप्या निघाल्या. प्लॉटवालाही आला होता, तोही उभा होता. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, यासाठी मी गावाचे आभार मानतो.

मग खेळ सुरू झाला आणि दिवसभर मला बोलावंच लागलं. सुमन चषकाचा पहिला सामना, सुमन चषकाची नाणेफेक, सुमन चषकात डिंगोऱ्याचा पहिला गोल. तिसऱ्या सामन्यापर्यंत पोरंच ओरडायला लागली होती, ए, सुमन आपलीच! एका पंचाशी दोन संघ तिचं नाव घेऊन भांडले. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, तसा मी माइक तोंडापासून दूर धरला. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला नावानं हाक मारली नव्हती. आमच्या पिढीत नव्हती ती पद्धत. ‘अगं’, ‘ऐकलंस का’, फार तर लेकीच्या नावानं ‘वंदाची आई’. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, तेही पाहुण्यांनी भरीस घातलं म्हणून. साऱ्या जगाची नावं घेणारा मी, घरातलं एक नाव तोंडात आणलं नव्हतं. तिनंही कधी मागितलं नाही.

ऊन उतरलं. चषक दिला गेला, फोटो झाले, माणसं पांगली. सतरंज्या गुंडाळत मनीषा जवळ आली आणि विचारलं, काका, माइक बंद करू? मी म्हटलं, थांब जरा. सामने संपले होते, सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं, ऐकायलाही कुणी नव्हतं. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि हळूच म्हटलं, सुमन.